बाबांचं देहदान, आईचा दहावा आणि मधे मी

खडूफळा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र. फार तर पाककृतीच्या धाग्यावर "मस्त" एवढं लिहून पळ काढणारा. आज लिहितोय कारण सात महिने झाले तरी डोक्यातून जात नाहीये.

बाबा कार्तिकात गेले. वय ७६. हायस्कुलात गणित शिकवायचे, आणि पक्के नास्तिक. आई तेवढीच पक्की देवभोळी (हा तिचा स्वतःचा शब्द). आमचं देवघर स्वयंपाकघरातच. सकाळी सहाला आई अलीकडे घंटा वाजवायची आणि बाबा पलीकडे चहा गाळायचे. ४४ वर्षं हे असंच. फुलपुडी आणायचं काम मात्र बाबांचं, कारण फिरायला तेच जायचे. झेंडू शिळा निघाला तर फूलवाल्याशी भांडून यायचे, म्हणायचे, "देव नसला म्हणून काय, पैसे तर दिलेत ना!"

बाबांनी देहदानाचा फॉर्म भरून ठेवला होता आणि वहीत स्वच्छ लिहिलं होतं: माझ्यामागे कसलेही विधी नकोत. पहाटे साडेचारला गेले, आठ वाजता कॉलेजची गाडी आली, सगळं व्यवस्थित झालं. चौथ्या दिवशी रात्री जेवताना आई म्हणाली, "दहाव्याचं गुरुजींना सांगितलंय."

मी (नास्तिक, बाबांच्याच तालमीतला) भडकलो. वही आणून तिच्यापुढे ठेवली. ती म्हणाली, मी वाचलीय. मग मी जे बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो: "ते होते तोवर तुला जिंकता आलं नाही, म्हणून आता हरवतेयस त्यांना." आई उठून गेली. दहावा झाला. पिंडदान चुलतभावाने केलं. मी गाडी काढून एसटी स्टँडवर जाऊन बसलो, तीन कप चहा प्यायलो.

बोलणं आता सुरू झालंय, पण भाजी-औषधांपुरतंच. माझा प्रश्न असा: श्रद्धा ही ज्याची त्याची वैयक्तिक गोष्ट, असं दोन्ही बाजू म्हणतात. मग भांडण का होतं? आणि माझं चुकलं का? झोडपायचं असेल तरी चालेल.

---

घाटावरचा

झोडपतोच. बाप गेला आणि तुम्ही तत्त्व कुरवाळत स्टँडवर चहा पीत बसलात? पोटचा मुलगा हयात असताना पुतण्याने पिंड दिला, त्या माउलीला घाटावर काय वाटलं असेल याचा विचार केलात? तुमच्या नास्तिकपणाला तिने ४४ वर्षं एका शब्दाने दुखावलं नाही. तुम्हाला एक सकाळ जमली नाही.

---

शून्यवादी_सदू

घाटावरचे, भावनेचा पूर आवरा. मुद्दा साधा आहे. माणसाने शुद्धीत असताना लिहून ठेवलं की विधी नकोत. त्याच्या घरादाराची वाटणी त्याने लिहून ठेवल्याप्रमाणे करता ना? मग हीच इच्छा का मोडायची? उलट झालं असतं, म्हणजे आस्तिक वडिलांचे विधी नास्तिक मुलाने नाकारले असते, तर याच धाग्यावर त्याला कुलांगार म्हटलं असतं. आस्तिकाच्या इच्छेचं नाव "अंतिम इच्छा", नास्तिकाच्या इच्छेचं नाव "हेका".

खडूफळा, तुमचं चुकलं नाही. बोलण्याची पद्धत चुकली, एवढंच.

---

घाटावरचा

सदूभाऊ, कुणी काय गमावलं त्या विधीने? मयताचं काही वाकडं झालं का? तुमच्या मते तर ते आता कुठेच नाहीत. जो नाहीच त्याचा अपमान कसा होतो हे जरा गणिताने सिद्ध करून दाखवा.

---

शून्यवादी_सदू

आणि तुमच्या मते आत्मा आहे. मग त्या आत्म्याला नको असलेलं जबरदस्तीने खाऊ घालता, त्याचं काय?

---

वाचक_बाकावरचा

(खुर्ची ओढून बसलो आहे. चालू द्या.)

---

सदाफुली

बाकावरच्यांना गंमत वाटतेय. मला वाटत नाही, म्हणून थोडं लांबलचक लिहिते.

"वैयक्तिक श्रद्धा" हा शब्द ऐकला की माझ्या अंगावर काटा येतो. माझी मावसबहीण १९ वर्षांची होती तेव्हा तिला कावीळ झाली. घरच्यांनी कावीळ उतरवणाऱ्याकडे नेलं. हातांवर काहीतरी चोळायचं, मग पाण्यात हात धुवायचे, पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. त्या पाण्यात चुन्याची निवळी असते आणि हातांवर आधी आंब्याच्या सालीचा रस लावलेला असतो, हे मला पुढे कॉलेजात चळवळीतल्या एका कार्यकर्त्याने करून दाखवलं. माझे स्वतःचे निरोगी हात धुऊन पाणी पिवळंधमक. मी तिथेच रडायला लागले. बहिणीला दवाखान्यात नेलं तोवर उशीर झाला होता.

मावशीची ती वैयक्तिक श्रद्धाच होती. तेव्हा नास्तिक माणूस चिडून बोलतो तेव्हा दर वेळी तो शहाणपणा मिरवत नसतो. कधी कधी त्याच्या डोळ्यांपुढे एक पिवळं घमेलं असतं.

पण खडूफळा, तुमच्या आईच्या दहाव्यात मला ते घमेलं दिसत नाही. तिथे कुणाचं औषध थांबलेलं नाही. आपण राग एकीकडचा आणतो आणि दुसरीकडे काढतो, असं मला आताशा वाटायला लागलंय.

---

घाटावरचा

सदाफुली, तुमच्या बहिणीबद्दल वाईट वाटलं. मनापासून. कावीळ उतरवणाऱ्यांना आत टाकलं पाहिजे याबद्दल माझं दुमत नाही.

---

पोथीतला_किडा

थोडं अवांतर, पण फार नाही.

आपण ज्या अर्थाने "नास्तिक" म्हणतो तो अर्थ बऱ्यापैकी अलीकडचा. दर्शनांच्या भाषेत वेद प्रमाण मानतो तो आस्तिक, न मानतो तो नास्तिक. म्हणून मीमांसक (वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे) जग निर्माण करणारा ईश्वर न मानताही आस्तिक, आणि जैन-बौद्ध नास्तिक. व्याकरणवाल्यांचा अर्थ तर या धाग्याला अगदीच चपखल बसतो: पाणिनीच्या सूत्रावर काशिका ही जुनी टीका सांगते की परलोक आहे अशी ज्याची मती तो आस्तिक. म्हणजे वाद मुळात "देव आहे का" असा नव्हताच, "मेल्यावर पुढे काही आहे का" असा होता. दहाव्याच्या दिवशीच तो घरात उफाळावा यात नवल नाही.

दुसरं, आगरकर. कऱ्हाडजवळच्या टेंभूचा माणूस. पुण्यातल्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, हे शाळेत आपण सगळेच वाचतो. घरात यशोदाबाई मात्र सोवळंओवळं, व्रतं पाळणाऱ्या होत्या आणि आगरकरांनी त्यांच्यावर आपली मतं लादली नाहीत, हे कमी सांगितलं जातं. बाहेर इतका कडक माणूस घरात इतका मऊ का? मला काही वर्षांपूर्वी ही विसंगती वाटायची. आता वाटत नाही. बाहेर ते ज्याच्याशी भांडत होते ती सत्ता होती: केशवपन करायला लावणारी, मुलींची लग्नं आठव्या वर्षी लावणारी. यशोदाबाईंच्या उपवासाने कुणाचे केस कापले जात नव्हते.

तुमचे बाबा फुलपुडी आणायचे, हे वाचून मला तेच आठवलं.

---

शून्यवादी_सदू

किडेराव, इतिहास छान. पण आगरकरांच्या घरातली तडजोड ही एकतर्फी असते हे का सांगत नाही? मऊ व्हायचं ते नेहमी नास्तिकानेच. आम्ही आरतीला उभं राहायचं, प्रसाद घ्यायचा, सत्यनारायणाच्या खुर्च्या लावायच्या. एकदा नाही म्हटलं की "सगळ्यांचा मूड घालवला".

---

संपादक

दोन प्रतिसाद उडवले आहेत. आई-बाप काढू नका, धागा मुळातच आई-बापांवर आहे.

---

फॉर्मलीन

मी एका वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते. देहदानाचे फोन आमच्याच विभागात येतात, त्यामुळे धागा वाचून राहवलं नाही.

पहिली गोष्ट. फॉर्म भरला म्हणजे देहदान झालं असं नसतं. तो इच्छेचा कागद आहे. प्रत्यक्ष मृत्यूनंतर जवळचे नातेवाईक नको म्हणाले तर आम्ही देह घेत नाही, कुणीच घेत नाही. दारात जाऊन परत आलेल्या गाड्या मी पाहिल्यात. फॉर्म भरणारे पुष्कळ, प्रत्यक्षात पोहोचणारे त्या मानाने थोडे. मधे बहुतेक वेळा एक पत्नी, एक मोठा मुलगा किंवा गावाकडून आलेले काका उभे असतात. वेळही फार थोडा असतो, काही तासांचा. तेवढ्यात कुणीतरी शुद्धीवर राहून फोन करावा लागतो, मृत्यूचा दाखला मिळवावा लागतो, रडणाऱ्यांना बाजूला घेऊन समजवावं लागतं.

दुसरी गोष्ट. देहदान ही नास्तिकांची मक्तेदारी नाही. २०१० साली जानेवारीत ज्योती बसू गेले, आयुष्यभर कम्युनिस्ट, त्यांचा देह कोलकात्यात रुग्णालयाला दिला गेला. त्याच वर्षी फेब्रुवारीत नानाजी देशमुख गेले, मूळचे आपल्या हिंगोली भागातले, आयुष्यभर संघाचे. त्यांचा देह दिल्लीत एम्सला दिला. एकाला देह म्हणजे पदार्थ वाटला असेल, दुसऱ्याला दधीची ऋषींची हाडं आठवली असतील. टेबलावर मुलं शिकतात तेव्हा स्नायू तेच, नसा त्याच.

आणि हो, पहिल्या दिवशी आम्ही विद्यार्थ्यांना त्या देहासमोर उभं करून शपथ देतो, काही जण फूल वाहतात. माझ्यासारखी देव न मानणारी बाईही त्या वेळी हात जोडते. कुणाला जोडते? विचारू नका, मला सांगता येणार नाही.

खडूफळा, एक विचारू? त्या पहाटे कॉलेजला फोन कुणी केला?

---

खडूफळा

आईने.

मी तोवर पुण्याहून निघालो होतो, वाटेत होतो. नंबर तिने फ्रिजवर लावून ठेवला होता, तिच्या बचत गटाच्या कागदाखाली. पोचलो तेव्हा कॉलेजची माणसं आली होती आणि आई त्यांना चहा देत होती. काका म्हणत होते, वहिनी असं कसं, अग्नी तरी द्या. ती म्हणाली, "त्यांनी सांगितलंय ना, मग झालं."

हे मी इतक्या महिन्यांत कधी असं जोडून बघितलंच नाही.

---

फॉर्मलीन

म्हणजे तुमच्या बाबांची इच्छा मोडण्याचा हक्क त्या पहाटे फक्त एकाच माणसाच्या हातात होता आणि तिने तो वापरला नाही. त्यांच्या श्रद्धेप्रमाणे देहाला अग्नी न मिळणं ही लहान गोष्ट नव्हे.

---

घाटावरचा

नव्हेच. देह नसेल तर पालाशविधी करतात, पळसाच्या पानांचा प्रतीकात्मक देह करून. आमच्याकडे पुरात वाहून गेलेल्या एका आजोबांचा केला होता. माणूस हाताला लागलाच नाही तर घरच्यांना काय होतं ते मी पाहिलंय. त्या बाईंनी तर हाताला लागलेला देह स्वतःहून दिला. मी आधीच्या प्रतिसादात त्यांना "माउली" म्हटलं ते सवयीने. आता समजून म्हणतो.

---

जुनी_पेठ

माझं घर ओंकारेश्वरापासून चालत पाच मिनिटांवर. पुण्याबाहेरच्यांसाठी: ओंकारेश्वराचा घाट म्हणजे दहाव्याचा घाट. रोज सकाळी तिथे भात, दर्भ, कावळ्याची वाट बघणारी माणसं. आणि त्याच्या शेजारच्याच पुलावर २० ऑगस्ट २०१३ ला सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. पुलाला नाव विठ्ठल रामजी शिंद्यांचं, म्हणजे देव मानणाऱ्या पण अस्पृश्यतेविरुद्ध हयात घालवलेल्या माणसाचं. मी तिथून जाताना दर वेळी हे तिन्ही एका दमात आठवतं.

दाभोलकर आणि नट डॉ. श्रीराम लागू यांचे वाद-संवादाचे कार्यक्रम मी तरुणपणी ऐकलेत. गंमत अशी की दोघे एकाच व्यासपीठावर, एकाच चळवळीसाठी आणि तरी वाद खरा. लागू म्हणायचे, देव ही कल्पनाच रिटायर करा, श्रद्धा आणि अंधश्रद्धा असा फरक करायचं कारणच नाही. दाभोलकर म्हणायचे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं भांडण शोषण करणाऱ्या, फसवणाऱ्या अंधश्रद्धेशी आहे, माणसाच्या देवाधर्माबद्दल समिती तटस्थ आहे. लोक दोघांनाही टाळ्या वाजवायचे. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदासुद्धा दाभोलकरांच्या बाजूचा निघाला: नरबळी, अघोरी प्रकार, भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण यांना शिक्षा, पण वारी, प्रदक्षिणा, कीर्तन यांना हात लावलेला नाही.

सरकारला कागदावर रेघ मारता आली. घरात ती रेघ कुठून काढायची ते कायदा सांगत नाही. चौथ्या दिवशी रात्री जेवताना तर नाहीच नाही.

---

डॅलसकर

इकडचा एक किस्सा. सासऱ्यांचा दहावा नाशिकला रामकुंडावर, आम्ही इथून व्हिडिओ कॉलवर. तिकडे कावळा येईना. दीर मोठ्याने सांगतोय, "अण्णा, आईला आम्ही सांभाळू, जमिनीचं भांडण करणार नाही." तरी नाही. मग माझा नवरा, कडक नास्तिक, मोबाईलवर ओरडला, "अण्णा, मी पुढच्या वर्षी येतो!" कावळा आला की नाही ते कॉल तुटल्याने कळलं नाही. पण पुढच्या वर्षी तो गेला खरा. आता विचारलं तर म्हणतो, तिकीट स्वस्त मिळालं.

---

शून्यवादी_सदू

दोन दिवस गप्प होतो. एक कबुली देतो.

२१ सप्टेंबर १९९५. गणपती दूध पितो तो दिवस. मी सहावीत. वडील मला सायकलवर पुढे बसवून देवळात घेऊन गेले, दोन तास रांग, हातात चमचा. दूध गेलं. वडिलांच्या डोळ्यांत पाणी. घरी आल्यावर मी फरशीच्या तुकड्याला चमचा लावला, कडा ओली केली आणि तिरका धरला, तर फरशीही प्यायली. पृष्ठताण वगैरे शब्द तेव्हा माहीत नव्हते. मी आनंदाने ओरडत वडिलांना दाखवायला गेलो. त्यांनी कानाखाली मारली. आयुष्यात एकदाच.

मला वाटलं मी शोध लावलाय, शाबासकी मिळेल. त्यांना वाटलं मी त्यांच्या डोळ्यांतल्या पाण्याला हसतोय. ते २००८ ला गेले. आम्ही त्या चमच्याबद्दल पुन्हा बोललो नाही. मी मात्र तेव्हापासून भेटेल त्या आस्तिकाला फरशी दाखवतोय.

खडूफळा, मी वर तुमचं चुकलं नाही असं लिहिलंय. ते वाक्य मी तुम्हाला लिहिलेलं नव्हतं बहुतेक. लेखी इच्छेबद्दलचा मुद्दा मात्र अजूनही मागे घेत नाही.

---

सदाफुली

सदू ❤

---

घाटावरचा

सदूभाऊ, पुण्यात आलात की कळवा. देवळात नेणार नाही. मिसळ खाऊ.

---

पोथीतला_किडा

सदूंचा मुद्दा खरंच सुटलेला नाही, तो भावनेत वाहून जाऊ नये. लेखी इच्छा होती: "माझ्यामागे विधी नकोत." मला वाटतं या वाक्याचे दोन वाटे करता येतात. देहाचं काय करायचं हे बाबांचं होतं, ते झालं. पण दहाव्या दिवशी विधवा बाईने सकाळी उठून काय करायचं, हेही बाबा वहीत लिहून ठरवू शकतात का? नवरा नास्तिक असला म्हणून त्याचं चालणार असेल, तर मग जुन्या शास्त्र्यांपेक्षा वेगळं काय झालं? तेही बाईने नवऱ्यामागे कसं राहायचं हेच लिहून ठेवत होते.

(सदू, पटत नसेल तर खुशाल भांडा. या मुद्द्यावर मी स्वतःशीही भांडतोय.)

---

शून्यवादी_सदू

पटलं नाही. पण उत्तरही सुचत नाहीये. जेवून येतो.

---

खडूफळा

सगळे प्रतिसाद वाचले. प्रत्येकाला वेगळं उत्तर देत नाही, माफ करा.

काल घरी गेलो होतो. आईला विचारलं, दहाव्याला कावळा शिवला का? सात महिन्यांत पहिल्यांदा विचारलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, नाही. अर्धा तास वाट बघितली, कावळे समोरच्या झाडावर बसून होते, एकही खाली उतरला नाही. चुलतभाऊ घाबरला, काका म्हणाले, मुलगा नाही म्हणून. आई म्हणे तिथे हसली. गुरुजींना म्हणाली, "हे यायचे नाहीत. ह्यांचा विश्वास नव्हता. तुम्ही तुमचा दर्भाचा कावळा करा न् मोकळे व्हा."

मी विचारलं, मग केलंस कशाला? तर म्हणाली, "सकाळी सहाला घंटा वाजवायची आणि पलीकडे गाळणीचा आवाज नाही. मला काहीतरी करायचं होतं रे. मला हेच येतं."

मी सॉरी म्हणालो. तिने निवडलेले खडे माझ्या हातात दिले, बाहेर टाक म्हणाली.

रात्री तिने कपाटातून एक कागद काढला. देहदानाचा फॉर्म, तिचा स्वतःचा. दोन साक्षीदारांच्या सह्या झालेल्या, एक बचत गटातली बाई आणि एक फूलवाला (तोच, शिळ्या झेंडूवाला). फॉर्मलीनताई, तुमच्यासाठी म्हणून सांगतो, अक्षर अगदी वळणदार. नातेवाईकाच्या संमतीची जागा तेवढी रिकामी आहे. म्हणाली, देह द्या, डोळे द्या. पण दहावा करायचा, आणि पुतण्याने नाही, तू करायचास.

कागद माझ्या बॅगेत आहे. सही अजून केलेली नाही.